वारे नव्हे, पूर!

आपल्याकडे या दुखण्याला नावे तरी किती! वैद्यबुवा त्याला पक्षाघात म्हणत आले, शहरात अर्धांगवायू म्हणतात, कोणी लकवा म्हणतो, आणि खेड्यातली एखादी आजीबाई आवाज उतरवून सांगते, "त्यांच्या अंगावरून वारं गेलं." सगळ्या नावांत हे शेवटचे मोठे बोलके आहे. काल रात्रीपर्यंत हिंडता-फिरता असलेला माणूस सकाळी उठतो तो हात लुळा, तोंड एका बाजूला ओढलेले, जीभ जड! कुठे जखम नाही, ताप नाही, बहुधा वेदनाही नाही. मग हे काम अदृश्य वाऱ्यावाचून दुसऱ्या कोणाचे असणार?

वाऱ्याचा यात काही हात नाही, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. बिघाड हातात नसतो. हाताला हुकूम देणाऱ्या मेंदूच्या भागात असतो. तिथली रक्तवाहिनी फुटलेली असते, किंवा बहुसंख्य वेळा तिच्यात रक्ताची गुठळी अडकलेली असते. येथवरची हकीगत बहुतेकांना माहीत असते. पण आणखी एक प्रश्न विचारून पाहा. रक्त थांबले की मेंदूतली पेशी मरते ती नेमकी कशाने?

उपासमारीने, असे कोणीही सांगेल. हे उत्तर अर्धेच खरे आहे. उपासमार सुरुवात करून देते, शेवट करते ती निराळीच गोष्ट. ही पेशी आपल्याच दारांतून आत शिरलेल्या पुराने मरते, आणि हा पूर एका क्षणात चढत नाही. पुष्कळ पेशींच्या बाबतीत त्याला काही तास लागतात. त्या तासांत काय घडते हे शोधण्यात शास्त्रज्ञांच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या. त्यांनी जे शोधले ते प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मिठाच्या पाण्यातले घर

मज्जापेशी म्हणजे खाऱ्या पाण्यात बांधलेले एक चिमुकले घर, असे समजा. घराबाहेर सोडियम भरपूर, म्हणजे आपल्या साध्या मिठातला. घरात पोटॅशियम भरपूर. भिंत इतकी पातळ की सांगून खरे वाटू नये. या भिंतीला दारे आहेत. प्रथिनांची बनलेली, सूक्ष्मदर्शकालाही सहजी न दिसणारी. शास्त्रज्ञ त्यांना 'आयन चॅनेल' म्हणतात. आपण आपली दारेच म्हणू. सोडियमचे दार वेगळे, पोटॅशियमचे वेगळे, कॅल्शियमचे वेगळे. एकाच्या दाराने दुसऱ्याला सहसा प्रवेश नाही.

पेशी स्वस्थ असते तेव्हा तिच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. संदेश आला की सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत धावतो; लगेच ती मिटतात, पोटॅशियमची उघडतात आणि सारे पूर्वपदावर येते. हा सगळा खेळ सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात आटोपतो. आपण बोट हलवतो, हाक ओळखतो, पाढे आठवतो, ते या दारांच्या उघडझापीवर. दाताच्या डॉक्टरांकडे हिरडीत इंजेक्शन घेतल्यावर दुखत नाही, तेही याच कारणाने. ते औषध सोडियमचे दार अडवून धरते आणि वेदनेची वर्दी पुढे जातच नाही.

पण सोडियम असा सारखा आत येत राहिला तर घर भरून जाईल. म्हणून पेशीने एक पंप ठेवला आहे. तो दर फेरीला सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. डेन्मार्कचे येन्स स्कौ यांनी १९५७ साली तो दाखवून दिला आणि चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. हा पंप रात्रंदिवस चालतो आणि खातोही भरपूर! आपला मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो, आणि त्यातला मोठा वाटा या उपसण्यावरच खर्च होतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे.

माकुलाने दिलेली विद्या

हे सगळे कळले कसे? त्याचे श्रेय एका समुद्री जीवाला द्यावे लागते. आपल्या कोकणात जेवणात येणारे माकुल असते ना, त्याच्या जातकुळीतल्या एका प्राण्याच्या अंगात जवळजवळ एक मिलिमीटर जाडीचा मज्जातंतू असतो. माणसाचे तंतू त्याच्यापुढे कोळ्याच्या जाळ्याहून नाजूक. १९३९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली या दोघा तरुणांनी अशा तंतूच्या आत बारीक विद्युत्‌शलाका घालून, संदेश जाताना आतला दाब कसा पालटतो ते मोजले. थोड्याच आठवड्यांत महायुद्ध पेटले आणि काम तसेच पडून राहिले. युद्धानंतर दोघे पुन्हा कामाला लागले. केंब्रिजचा संगणक त्या वेळी बंद होता; तेव्हा हक्स्ली यांनी हाताने दांडा फिरवण्याच्या गणनयंत्रावर आठवडेच्या आठवडे आकडेमोड केली! १९५२ मध्ये त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले, १९६३ मध्ये नोबेल पारितोषिक आले.

दारे मात्र त्यांनी पाहिली नव्हती. ती असली पाहिजेत असे गणित सांगत होते. एका दारातून जाणारा प्रवाह प्रत्यक्ष मोजला तो जर्मनीतील गॉटिंगेन येथे एर्विन नेहर आणि बेर्ट साकमान यांनी, १९७६ मध्ये. काचेच्या अतिसूक्ष्म नळीचे तोंड बेडकाच्या स्नायूवर टेकवून त्यांनी अँपिअरच्या काही लाखकोट्यांश भागाएवढा प्रवाह टिपला. कागदावर रेघ एकदम खाली गेली, थोडी थांबली, पुन्हा वर आली. दार उघडले, दार मिटले! त्यांना १९९१ चे नोबेल मिळाले.

राहता राहिले दाराचे रूप. न्यूयॉर्कचे रॉडरिक मॅकिनन हे शिक्षणाने डॉक्टर. दवाखाना सोडून ते संशोधनात शिरले. १९९८ मध्ये त्यांनी एका जंतूमधल्या पोटॅशियमच्या दाराचा नकाशा अणूअणूनिशी मांडला. एक जुने कोडेही त्याने सुटले. सोडियमचा कण पोटॅशियमहून लहान, मग पोटॅशियमच्या दारातून तो का घुसत नाही? या दाराच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा बेताने बसवले आहेत की, भोवतालचे पाणी झटकून आलेला पोटॅशियम तेथे अंगच्या कपड्यासारखा नेमका बसतो. सोडियम तोकडा पडतो. या कामाला २००३ चे नोबेल मिळाले.

पंप थांबला की…

आता गुठळीकडे वळू. रक्त अडले, प्राणवायू तुटला, साखर तुटली. पहिला बंद पडतो तो पंप. सोडियम आत साचू लागतो, आतले ऋण दडपण विरघळते आणि पेशी भलत्या वेळी संदेश सोडू लागते.

हा संदेश ग्लुटामेट नावाच्या द्रव्याच्या रूपाने जातो. मेंदूतल्या पेशी एकमेकींना जागे करतात त्या मुख्यतः या द्रव्याने. एरवी ते चिमूटभर सुटते आणि क्षणार्धात झाडून नेले जाते. पण झाडणाऱ्या यंत्रणेलाही बळ पुरवतो तो पंपच! तो थांबला की केर काढणारेच केर टाकू लागतात. ग्लुटामेट साचते आणि शेजारच्या पेशींची दारे ठोठावत राहते. त्यांतले एक दार विशेष आहे. त्याच्या तोंडाशी एरवी मॅग्नेशियमचे बूच बसलेले असते, हे १९८४ साली पॅरिस आणि अमेरिकेतील बेथेस्डा येथे जवळजवळ एकाच वेळी सिद्ध झाले. पेशीतले ऋण दडपण ओसरले की हे बूच निसटते आणि दारातून कॅल्शियमचा लोंढा आत येतो.

कॅल्शियम आपल्याला हाडांचा मित्र म्हणून ठाऊक. पण पेशीच्या आत तो इतका कमी ठेवलेला असतो की बाहेर त्याच्या सुमारे दहा हजार पट असतो. कारण कॅल्शियम हा पेशीतला हुकूम आहे. थोडा आला तर काम चालते, आठवणीसुद्धा त्याच्या साहाय्याने जमतात. लोंढ्याने आला तर प्रथिने तोडणारी, चरबी कापणारी सगळी पाचकद्रव्ये एकदम मोकाट सुटतात. पेशी स्वतःलाच पचवू लागते. फुगते, फाटते आणि जाता जाता आपल्यातले ग्लुटामेट शेजारणीच्या अंगावर सांडते!

हे द्रव्य पेशीला मारूही शकते याची पहिली चाहूल १९५७ मध्ये लागली. लंडनमधील लुकस आणि न्यूहाउस यांना उंदरांच्या पिलांना ग्लुटामेट टोचल्यावर त्यांच्या डोळ्यांतला आतला पडदा नष्ट झालेला आढळला. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेतील जॉन ओल्नी यांनी मेंदूतही तेच घडते असे दाखवले. अति उत्तेजनाने येणारे हे मरण त्यांनीच नीट ओळखले व त्याला नाव दिले. (गृहिणींनी लगेच घाबरून जाऊ नये, ते प्रयोग नवजात पिलांना मोठी मात्रा टोचून केलेले होते. चिमूटभर अजिनोमोटोशी त्यांची तुलना नव्हे.)

खोट्या किल्लीचे विष

गुठळी नसतानाही ही दारे उघडी पाडता येतात, आणि त्याचा दाखला शोधायला परदेशी जायला नको. विदर्भात लाख किंवा लाखोळी आणि उत्तरेकडे खेसारी म्हणतात ती डाळ अनेकांना माहीत असेल. पाऊस दगा देतो तेव्हाही हे पीक तग धरते. म्हणून दुष्काळात गरिबाच्या ताटात दुसरे काही उरत नाही, तेव्हा तीच उरते. महिनोन्‌महिने जवळजवळ तिच्यावरच गुजराण केलेल्या माणसांचे पाय ताठरतात. काठी येते, पुढे दोन काठ्या येतात, काहींना सरपटावे लागते. एकदा गेलेले पाय बहुधा परत मिळत नाहीत.

१९६४ मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राव, अडिगा आणि सर्मा या संशोधकांनी या डाळीतले विष वेगळे काढले. त्याचे रूप ग्लुटामेटशी जुळते. म्हणजे ही खोटी किल्लीच. ती ग्लुटामेटच्या कुलपात बसते आणि दार उघडते. कोठे शहरी इस्पितळातला अर्धांगाचा रोगी आणि कोठे दुष्काळातला शेतमजूर! पण दोघांच्या पेशींच्या भिंतीत बिघाड एकाच जातीचा. लाखेच्या बाबतीत उपाय होता तो विष पोटात जाऊ न देण्याचा. पेशी मेल्यावर त्यांना उठवणारे औषध तेव्हा नव्हते आणि आजही नाही.

एक हजार सव्वीस उपाय

दारातून पूर येतो हे कळल्यावर पुढचा विचार कोणालाही सुचेल: दार लावून घ्या! १९८० नंतर प्रयोगशाळांत याच एका आशेने काम चालले. ग्लुटामेटचे दार अडवणारी औषधे निघाली, कॅल्शियमचे दार अडवणारी निघाली, सोडियमचे निघाली. उंदरांचे मेंदू वाचू लागले. २००६ मध्ये एका अभ्यासात मोजदाद झाली तेव्हा अर्धांगावरच्या प्रायोगिक उपायांची संख्या १,०२६ भरली! त्यांपैकी ११४ माणसांपर्यंत पोचले होते. पेशींचे रक्षण करणारे म्हणून त्यांतले एकही औषध जगभरच्या डॉक्टरांच्या पेटीत कायमचे जाऊन बसले नाही.

असे का झाले? उंदराला गुठळी केव्हा होणार हे संशोधकाला ठाऊक असते; औषध आधी किंवा लगोलग देता येते. माणूस इस्पितळात पोचेपर्यंत तास उलटलेले असतात आणि पूर ओसरून केवळ गाळ राहिलेला असतो. दुसरे कारण अधिक मूलभूत. ज्या दारांतून मरण येते त्याच दारांतून विचारही येतो. ती सरसकट बंद केली की रोग्याला भास होतात, गुंगी येते, रक्तदाब चळतो. घरात चोर शिरू नये म्हणून सगळी दारे विटांनी चिणून टाकली, तर घरच्यांनी जावे-यावे कसे?

उशिराचा अडसर दूर करून पाहण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत लॉस एंजल्स भागात झाला. रोग्याला इस्पितळात नेण्याची वाट न पाहता रुग्णवाहिकेतच, दोन तासांच्या आत, मॅग्नेशियम टोचायला सुरुवात करायची. म्हणजे निसटलेले बूच पुन्हा बसवायचे! १,७०० रोग्यांवर हा प्रयोग झाला. २०१५ मध्ये निष्कर्ष आला: रोग्यांच्या पुढील अपंगत्वात फरक नाही. रक्तातून मेंदूत मॅग्नेशियम फार सावकाश झिरपते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते.

मात्र एवढी मेहनत सगळीच पाण्यात गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. मेंदूवरच्या आवरणाखाली फुगा फुटून रक्तस्राव झालेल्या रोग्यांत कॅल्शियमचे दार अडवणारे निमोडिपिन नंतरची हानी कमी करते, असे १९८९ मधील ब्रिटिश पाहणीने दाखवले. ते आजही देतात. स्नायूंच्या मज्जापेशी झिजवणाऱ्या एका दुर्धर रोगात ग्लुटामेटचा जोर उतरवणारे रिलुझोल १९९५ पासून अमेरिकेत मान्य आहे. त्याने आयुष्य काही महिने वाढते. विस्मृतीच्या रोगात देतात ते मेमँटिन तर ग्लुटामेटच्याच दारात बसते. पण ते अडून बसत नाही, झटपट बाजूला होते, म्हणून सोसते. लहान लाभ आहेत हे. पण ज्या घरात असा रोगी आहे त्यांना विचारा, ते लहान म्हणणार नाहीत.

उपच्छायेतले तास

मग अर्धांगाच्या रोग्याला वाचवते काय? ग्रहणाच्या वेळी पंचांगात छाया आणि उपच्छाया हे शब्द आपण वाचतो. मेंदूचेही तसेच. गुठळीमागे जिथे रक्त पुरते तुटते तो गाभा काही मिनिटांतच जातो. भोवतालच्या भागाला मात्र शेजारच्या वाहिन्यांतून थोडेफार रक्त मिळत असते. तिथल्या पेशी मुक्या झालेल्या असतात, हुकूम देत नाहीत. पण मेलेल्या नसतात. त्यांचा पंप कसाबसा धुगधुगत असतो. शास्त्रज्ञांनी या भागाला ग्रहणातलेच नाव दिले, उपच्छाया. लुळा दिसणारा हात पुष्कळदा या उपच्छायेमुळे लुळा असतो. म्हणजे तो परत मिळू शकतो!

त्यासाठी एकेक दार लावत बसण्यापेक्षा पंपाला त्याचे अन्न परत देणे हा अधिक खात्रीचा मार्ग ठरला. १९९५ मध्ये अमेरिकेत ६२४ रोग्यांवरील चाचणीत, तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारे औषध दिले, तेव्हा तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे असण्याची शक्यता निदान तीस टक्क्यांनी वाढलेली आढळली. धोकाही होता: औषध दिलेल्या शंभरातल्या सुमारे सहा जणांना मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला. म्हणूनच हे औषध तपासणीवाचून देत नाहीत. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ मध्ये आणखी मोठी बातमी आली. मांडीच्या शिरेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन मोठी गुठळी ओढून काढण्याचा उपाय एकामागून एक पाच चाचण्यांत गुणकारी ठरला. ज्यांची उपच्छाया अजून शिल्लक आहे अशा निवडक रोग्यांत तो चोवीस तासांपर्यंतही उपयोगी पडतो, असे २०१८ पर्यंत सिद्ध झाले.

पण मुदत चोवीस तास आहे म्हणून कोणी निवांत बसू नये! मोठी वाहिनी बंद पडलेल्या रोग्याच्या मेंदूत दर मिनिटाला सरासरी एकोणीस लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशोब २००६ मध्ये मांडला गेला. आपण डॉक्टरांना फोन करावा की न करावा यावर पाच मिनिटे चर्चा केली, की जवळजवळ एक कोटी पेशींचा निकाल लागतो.

आणि आपण?

दुर्दैवाने अशी चर्चा आपल्या घरांत पाच मिनिटांत आटोपत नाही. "पित्त झालं असेल", "हातावर झोपल्यामुळे मुंग्या आल्या", "तेल चोळा जरा", "रात्रीचं कुठे नेता, सकाळी बघू", ही वाक्ये मायेनेच बोलली जातात. पण पुराला माया कळत नाही. दुखत नाही म्हणून काळजी नाही, हा तर सर्वांत घातक समज.

तेव्हा चार गोष्टी पाठ असाव्यात. तोंड: हसायला सांगा, एक बाजू ओघळते का पाहा. हात: दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली येतो का पाहा. बोल: साधे वाक्य म्हणायला सांगा, शब्द अडखळतात का ऐका. आणि वेळ: यांतले एक जरी अचानक घडले असेल, तर घड्याळ पाहा आणि निघा. रोगी शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ती वेळ कागदावर लिहून घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. तोंडात पाणी, चहा, औषध काहीही घालू नका. घास श्वासनलिकेत जातो. अ‍ॅस्पिरिनची गोळीही आपल्या मनाने देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनवाचून कोणीच सांगू शकत नाही. आणि दहा मिनिटांत सारे ठीक झाले तरी जाच. ती बहुधा मोठ्या झटक्याची आगाऊ सूचना असते.

रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांना आधीच लगाम घातला तर बहुतेकांवर ही वेळ येणारच नाही, हे काही नवे नाही. पण ते जितके खरे तितकेच दुर्लक्षिलेले आहे.

या दिवाळीत फराळाला सगळी मंडळी जमतील, तेव्हा एक छोटे काम उरकून टाका. आपल्या घरापासून जवळचे असे कोणते इस्पितळ आहे, जिथे रात्री-अपरात्रीही मेंदूचा स्कॅन होतो आणि गुठळीचे औषध मिळते, याची चौकशी करा. त्याचे नाव आणि फोन क्रमांक स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहून ठेवा. आजोबांना दिसेल इतक्या मोठ्या, आणि नातवाला वाचता येईल इतक्या स्पष्ट.